नल ओळखावा कसा?

दमयंतीच्या स्वयंवरमंडपात एकाच रूपाचे पाच नल बसले होते, ही कथा रघुनाथ पंडितांच्या आख्यानापासून आजीच्या तोंडच्या गोष्टीपर्यंत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. चार देव आणि एक माणूस. देवांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्यांना घाम येत नाही, त्यांच्या गळ्यातली फुले कोमेजत नाहीत. ज्याची फुले सुकली होती त्याच्या गळ्यात दमयंतीने माळ घातली. संगणकासाठी घडवलेल्या 'सी' नावाच्या भाषेत असेच पाच जण एका ओळीत बसलेले आहेत, आणि गंमत अशी की त्यांतल्या एकाचे नावही नलच आहे. फक्त तिथला पेच उलटा. स्वयंवरात बाहेरून सारखे आणि आतून निराळे. सीमध्ये आतून बहुधा सारे एकच, निराळे ते पोशाख.

हे पाच जण म्हणजे शून्याची पाच रूपे. पहिले साधे मोजणीचे शून्य. दुसरे दशांशचिन्ह लावलेले शून्य. तिसरे अक्षरांची ओळ इथे संपली हे सांगणारे, तिरप्या रेघेच्या पाठीमागे लिहितात ते शून्य. चौथा 'खरे की खोटे' या प्रश्नाला 'खोटे' असे उत्तर देणारा शब्द. आणि पाचवा नल. हा नल समजायला थोडा वेळ लागतो. सीमध्ये वस्तूऐवजी वस्तूचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी जवळ बाळगण्याची सोय आहे. तिला पॉइंटर म्हणतात. ज्या चिठ्ठीवर कुठलाच पत्ता नाही, आणि तो नाही हे मुद्दाम लिहून ठेवले आहे, ती चिठ्ठी नल. आपल्या नलराजाने द्यूतात सारे घालवले. या नलापाशी मुळातच काही नसते.

यंत्राच्या पोटात शिरून पाहिले तर या पाचांच्या जागी आजच्या बहुतेक यंत्रांत शून्यांचीच रांग दिसते. मग नलाच्या जागी नुसते शून्य लिहिले तर काय बिघडले? असे लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते अडाणी नव्हेत. हाच या लेखाचा विषय आहे. दिवाळीच्या अंकात असा विषय काढल्याबद्दल घरातील वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठी घालू नये. फराळाचे ताट शेजारी असू द्यावे. गणित यात फारसे नाही. आहे तो शुद्धलेखनाचा आणि शैलीचा वाद.

सी ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवली. तिच्यावरचे मूळ पुस्तक ब्रायन कर्निगन आणि रिची यांनी मिळून लिहिले. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या मुलांच्या हाती मात्र बहुधा दुसरे पुस्तक असते, 'लेट अस सी' नावाचे. त्याचे लेखक यशवंत कानेटकर नागपूरचे. (नाशिककराला कानेटकर म्हटले की वसंतराव आणि त्यांची नाटके आठवतात. हे कानेटकर वेगळे. पण त्यांच्याही पुस्तकाचे प्रयोग गावोगाव झाले आहेत.) माझे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले. कादंबऱ्या लिहितो, शाळेत मुलांच्या वह्या तपासतो. जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे या व्यवसायात पडले ते दिवाळीला घरी आले म्हणजे आपण लिहिलेली पाने दाखवतात, आणि ती मी वही तपासावी तशी तपासतो. त्यांना प्रथम याचे हसू येई. आता येत नाही. कारण आज्ञावली यंत्रासाठी लिहितात असे म्हणतात खरे, पण यंत्र ती आपल्या बोलीत उतरवून घेते आणि मोकळे होते. तिच्यावर वर्षानुवर्षे डोळे फोडत बसतो तो माणूस. जिथे वाचणारा माणूस आहे तिथे शैली आली, आणि शैली आली की टीका आलीच.

शाळेतले निकालपत्रक डोळ्यांसमोर आणा. एका मुलाला गणितात शून्य गुण पडले. दुसरा परीक्षेच्या दिवशी तापाने घरी निजून होता. तिसऱ्याला त्या विषयातून सूट आहे. चौथ्याचा पेपर तपासून झाला, पण गुण चढवायचे राहिले. या चौघांच्या रकान्यांत चार निराळ्या गोष्टी असायला हव्यात: शून्य, गैरहजर, सूट आणि कोरी जागा. चारही ठिकाणी शून्य लिहून टाकणारा शिक्षक बेरजेत चुकणार नाही. बेरीज चौघांचीही सारखीच येते. पण वर्गाची सरासरी काढताना तो फसेल, आणि आजारी मुलाच्या आईपुढे उभे राहण्याची वेळ आली म्हणजे त्याहून अधिक फसेल. शून्य हा गुण आहे. मुलाने तो मिळवलेला आहे. गैरहजेरी हा गुण नव्हे.

आपल्या कचेऱ्यांच्या मराठीत यासाठी एक फार सुरेख शब्द आहे: निरंक. ज्याला अंकच नाही तो निरंक. शून्य हा अंक आहे, म्हणून शब्दाच्या अर्थाने पाहिले तर शून्य निरंक नव्हे. कचेरीत तो इतक्या काटेकोरपणे वापरत नाहीत हे मला ठाऊक आहे. मासिक अहवालात 'प्राप्त तक्रारी : निरंक' असे लिहितात तेव्हा म्हणायचे असते की तक्रारींची संख्या शून्य. पण त्या शब्दात आणखी एक गोष्ट येते, ती मला मोलाची वाटते. निरंक लिहिणारा कारकून सांगत असतो की मी हा रकाना पाहिला, विचार केला, आणि इथे लिहिण्यासारखे काही नाही असे ठरवून हा शब्द लिहिला. कोरा रकाना असे काही सांगत नाही. तो विसरलेला असेल, उद्या भरायचा असेल, किंवा कागद उलटताना राहून गेला असेल.

सीमध्ये तर कोरा रकाना कोराही नसतो. आज्ञावलीतल्या पुष्कळशा जागा अशा असतात की त्यांत तुम्ही काही लिहिले नाही तर भाषा आपण होऊन शून्य भरत नाही. (काही जागांत भरते, कुठे भरते आणि कुठे नाही हे पाठ करण्यात विद्यार्थ्यांचे एक सत्र जाते.) त्या जागेत आधीच्या बिऱ्हाडकरूने जे टाकून दिले असेल तेच पडलेले असते. चिठ्ठीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की तुमच्या हातातल्या चिठ्ठीवर कुणाचा तरी जुना पत्ता आहे आणि तुम्ही तो आपलाच समजून दार ठोठावायला निघाला आहात. म्हणून जाणते लोक चिठ्ठी घडवताक्षणी तिच्यावर नल लिहून ठेवतात. हे आपले निरंकच झाले.

आता वादाकडे येऊ. एक पक्ष म्हणतो, नलाच्या जागी शून्य लिहावे. भाषेच्या नियमांनी त्याला पूर्ण मुभा आहे. चिठ्ठीच्या जागी लिहिलेले नुसते शून्य म्हणजे नल असेच भाषा समजते. सी प्लस प्लस ही पुढची भाषा रचणारे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांचा कलही कित्येक वर्षे शून्याकडेच होता. नल हा मूळ भाषेतला शब्द नव्हे, बाहेरून चिकटवलेले टोपणनाव आहे, आणि टोपणनावांवर त्यांचा विश्वास नव्हता. दुसरा पक्ष म्हणतो, शब्द आहे तर वापरा. लिनक्स या जगभर चालणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यावर काम करणारे या दुसऱ्या पक्षाचे. चिठ्ठीच्या जागी कुणी नुसते शून्य लिहिले तर खूण करणारे एक तपासनीस-साधनच त्यांनी बाळगले आहे.

मी दुसऱ्या पक्षाचा आहे, आणि कारण वाचकाचे आहे. 'जर रक्कम शून्य असेल' आणि 'जर पत्ता शून्य असेल' ही दोन वाक्ये कानाला सारखीच लागतात. दुसऱ्या वाक्याशी वाचणारा अडखळतो, वर जाऊन पाहतो की ही रक्कम आहे की पत्ता, आणि परत खाली येतो. असे शंभरदा घडले की त्याचा दिवस जातो. 'जर पत्ता निरंक असेल' असे लिहिले की वर जावे लागत नाही. यंत्राला यातले काहीच कळत नाही. पण वाचकाची चढउतार वाचवणे हेच तर आम्ही गद्य लिहिणारे जन्मभर करत आलो.

शिवाय एका ठिकाणी हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. सीमध्ये काही क्रिया अशा आहेत की त्यांना किती गोष्टी द्यायच्या हे ठरलेले नसते. लिहिणारा एकामागून एक चिठ्ठ्या देत जातो आणि शेवटी 'संपले' म्हणून एक निरंक चिठ्ठी ठेवतो. दुसरी आज्ञावली सुरू करून देणारी 'एक्सेकएल' नावाची क्रिया अशीच. तिथे शेवटी नुसते शून्य ठेवले तर भाषा ते मोजणीचे शून्य समजते. आजच्या पुष्कळ यंत्रांत मोजणीची संख्या चार बाइटांची आणि पत्ता आठ बाइटांचा असतो. घेणारा आठ बाइट वाचणार. त्यांतले चार तुमच्या शून्याचे, उरलेले चार कुणाचे? कधी तिथे योगायोगाने शून्यच असते आणि वर्षभर काही होत नाही. आणि एक दिवस नसते. म्हणून अशा जागी जुन्या वळणात नुसता नलही पुरेसा मानत नाहीत. हा अक्षरांच्या पत्त्याचा नल आहे असे प्रकारासहित लिहायला सांगतात. कशाचे 'नाही' तेही लिहा, अशी ही मागणी आहे, आणि मला ती अगदी रास्त वाटते. या सगळ्या कटकटीला कंटाळून सी प्लस प्लसने २०११ साली 'नलपॉइंटर' असा एक निर्भेळ शब्द आणला, जो चिठ्ठीशिवाय दुसऱ्या कशाचे सोंग घेऊच शकत नाही. सीच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रमाणग्रंथातही तो आला. दमयंतीची सोय झाली म्हणायची, पण फार उशिरा.

निरंक लिहिले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. टोनी होअर या थोर इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी निरंक चिठ्ठीची कल्पना योजली. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत त्याने स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. चूक कोणती? तर जिथे जिथे चिठ्ठी आहे तिथे तिथे ती निरंक असू शकते अशी मोकळीक दिली, आणि वाचणाऱ्याने प्रत्येक वेळी उलटून पाहावे हे त्याच्या इमानावर सोडले. १२ जून २०२५ रोजी गुगलची क्लाउड सेवा जगभर काही तास कोलमडली, तेव्हा मागाहून प्रसिद्ध झालेल्या हकिगतीत कारण हेच निघाले. नियमांच्या नोंदीत काही रकाने चुकून कोरे राहिले होते. नव्याने जोडलेली आज्ञावली ती नोंद वाचायला गेली, हाती निरंक चिठ्ठी आली, ती निरंक आहे का हे पाहायची तजवीज केलेलीच नव्हती. आणि ती नोंद काही सेकंदांत जगभरच्या केंद्रांवर पोचलेली होती. दोष शैलीचा नव्हता, हे मान्य. पण एका कोऱ्या रकान्याची किंमत केवढी असते हे सांगायला याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता स्थिर राशींकडे वळतो. आज्ञावलीत मधेच एखादा उघडा आकडा येतो, ३०० किंवा २०. कर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत, तापमानाचे कोष्टक करताना, हेच दोन आकडे येतात, आणि लगेच लेखक सांगतात की असे आकडे मजकुरात पुरून ठेवू नयेत. त्यांना वर एकदा नाव द्यावे आणि ते नाव मोठ्या लिपीत लिहावे. मोठी इंग्रजी अक्षरे दिसली की वाचणाऱ्याने समजावे, ही बदलणारी राशी नव्हे. तेव्हापासून ही रीत सीच्या लेखकांनी सहसा मोडलेली नाही. मला ती आवडते, पण एक प्रश्न पडतो. आपल्या देवनागरीत मोठी लिपी नाहीच. आपल्या लोकांनी स्थिर राशी दाखवायची म्हटले तर ती दाखवायची कशी?

उत्तर आपल्याच घरात आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, आणि त्यांच्या आधीपासूनही, अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत आणि लिहिताना 'या' एवढेच लिहीत. अज्ञात राशी एकाहून अधिक असल्या तर रंगांची नावे घेत: कालक, नीलक, पीतक; म्हणजे का, नी, पी. आणि जी राशी ठरलेली, उघड माहीत असलेली, तिला म्हणत 'रूप', आणि तिच्या आकड्यापूर्वी 'रू' हे अक्षर लिहीत. एका माणसापाशी ६ घोडे आणि ३०० रुपये आहेत. दुसऱ्यापाशी तशाच किमतीचे १० घोडे आहेत आणि डोक्यावर १०० रुपये कर्ज. दोघांची मत्ता सारखी, तर घोड्याची किंमत काय? हे उदाहरण भास्कराचार्यांचे. मांडणी अशी: वर 'या ६ रू ३००', खाली 'या १० रू १००', आणि कर्जाच्या शंभरावर एक टिंब. (उत्तर मुलांनी काढावे, चकल्या थंड होण्याआधी निघते.) इथे 'रू' हे अक्षर मोठ्या लिपीचेच काम करते आहे. तीनशेचा आकडा उघडा नाही, तो स्थिर आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेले आहे.

त्याहून मला मोह पडतो तो दुसऱ्या गोष्टीचा. ब्रह्मगुप्तावर भाष्य लिहिणारा नवव्या शतकातला पृथूदकस्वामी समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडतो, आणि वरच्या बाजूत अज्ञाताचा वर्ग नसेल तर ती जागा मोकळी न सोडता 'याव ०' असे लिहितो. म्हणजे वर्ग होता का, की लिहायचा राहिला, ही शंकाच नको. कशाचे शून्य हे शून्याच्या आधी लिहिलेले आहे. 'एक्सेकएल'च्या शेवटी प्रकारासहित नल लिहायला सांगणाऱ्या आजच्या मंडळींनी हे पाहिले असते तर ते खूश झाले असते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला, आणि तेराव्या शतकाच्या आरंभीचा त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तिथे शिकणाऱ्या मुलांच्या पाट्यांवर या 'रू'ची रांग किती वेळा उमटली असेल!

स्थिर राशीचा आणखी एक नमुना तर आम्हा नाशिककरांच्या रोजच्या नजरेतला आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे ज्या मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही असे दान. त्यांतले २००० गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने ठेवले. मुद्दल परत द्यायचे नाही, व्याज तेवढे भोगायचे, असे लेखात स्पष्ट आहे. हिशेब करून पाहा: दोन हजारांचे महिन्याला २० व्याज, वर्षाला २४०; आणि पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. बेरीज चोख जुळते. तीन हजार ही रक्कम आधी शब्दांत आणि मग अंकांत अशी दोनदा कोरली आहे. त्या अंकांत शून्य नाही; हजाराची खूण निराळी असे.

सीमध्ये स्थिर राशी लिहिण्याच्या दोन मुख्य रीती आहेत, आणि त्यांतली कुठली बरी हा वाद मला या लेखापुढे उभा राहिलो की सोपा वाटतो. पहिली रीत 'डिफाईन'ची. तीत वर एकदा नाव आणि आकडा लिहितात; मग एक आंधळा नकलनवीस सबंध मजकुरात जिथे ते नाव येईल तिथे तो मजकूर चिकटवत जातो. अर्थ त्याला कळत नाही. समजा कुणी 'कर' या नावापुढे १० + ५ असे लिहिले, आणि खाली कराची दुप्पट मागितली. नकलनवीस लिहील २ × १० + ५, आणि उत्तर येईल २५. तीस यायला हवे होते. म्हणून शहाणे लोक तो मजकूर कंसात घालतात, आणि विसरणारे विसरतात. दुसरी रीत 'कॉन्स्ट'ची. तीत राशीला प्रकार असतो, जागा असते, आणि पुढे कुणी बदलू पाहिले तर कंपायलर, म्हणजे आज्ञावली यंत्राच्या बोलीत उतरवणारा दुभाषी, तिथल्या तिथे अडवतो. डिफाईन ही चिकटवलेली चिठ्ठी. कॉन्स्ट ही अक्षयनीवी. सीमधल्या कॉन्स्टला एक उणेपणा होता: काही ठिकाणी, जिथे भाषेला आकडा आधीच हवा असतो, तिथे ती कॉन्स्टला पुरती स्थिर मानत नसे, आणि म्हणून चांगले लेखकही नाइलाजाने डिफाईनकडे जात. २०२४ च्या प्रमाणग्रंथाने 'कॉन्स्टएक्सपर' नावाचा नवा शब्द देऊन ती वाट पुष्कळ मोकळी केली आहे. जिथे शक्य तिथे ती धरावी, असे माझे मत आहे.

किरकोळ शिष्टाचार पुष्कळ आहेत, दोनतीनच सांगतो. मोठी संख्या आहे हे दाखवायला आकड्याच्या शेवटी इंग्रजी 'एल' जोडतात. तो लहान लिपीत लिहू नये. तो एक्यासारखा दिसतो, आणि दहाचे एकशे एक वाचले जातात. अक्षर सुधारण्यासाठी आम्ही मुलांना तासन्‌तास कित्ता गिरवायला लावतो ते उगीच नव्हे. दुसरे, आकड्यापूर्वी शोभेचे शून्य लिहू नये. सीमध्ये शून्याने सुरू होणारा आकडा आठच्या पायावर मोजतात. नाशिकचा दूरध्वनीचा क्रमांक ०२५३ आहे. तो कुणी साध्या आकड्यासारखा आज्ञावलीत लिहिला तर यंत्र निमूटपणे १७१ समजते. मुंबईचे ०२२ अठरा होतात आणि पुण्याचे ०२० सोळा. आठ किंवा नऊ हा अंक आला तर निदान कंपायलर ओरडतो. ज्या गावांच्या नशिबी तो नाही त्यांचे पत्ते चुपचाप बदलतात. आणि एक चांगली बातमी: नव्या प्रमाणात आकड्यांमध्ये वाचण्यासाठी खुणेचे एकेरी अवतरणचिन्ह टाकता येते, आणि ते कुठे टाकायचे याची सक्ती नाही. तेव्हा आपल्या माणसाने हजार-दशलक्षांच्या विलायती पावलांनी न जाता लाख-कोटींच्या पावलांनी जायला भाषेची हरकत नाही. कुणी तसे लिहिलेले मी अजून पाहिलेले नाही. पाहायला आवडेल.

एका प्रथेबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. सीमध्ये बरोबरीचे एक चिन्ह लिहिले तर 'हे त्यात भर' आणि दोन लिहिली तर 'हे ते आहे का' असा अर्थ होतो. एक चिन्ह निसटले की विचारायच्या ऐवजी आपण बदलूनच बसतो. ही चूक पकडली जावी म्हणून काही जण स्थिर राशी आधी लिहितात: 'जर नल असेल पत्ता', 'जर अठरा असेल वय'. एका इंग्रजी चित्रपटात उलट्या क्रमाने बोलणारा योडा नावाचा म्हातारा आहे, त्याचे नाव या रीतीला पडले आहे. कवितेत अशी वाक्यरचना शोभते. हिशेबात ती पायात येते. आजचे कंपायलर, त्यांना सावध राहायला सांगितले तर, ही चूक आपण होऊन दाखवतात, तेव्हा ही कुबडी आता खुंटीला टांगायला हरकत नसावी.

नाव देण्याचाही अतिरेक होतो. प्रत्येक आकड्याला नाव द्यायचे असे कुणीतरी शिकवलेले असते, आणि मुलगा 'एक' या नावापुढे १ आणि 'शून्य' या नावापुढे ० लिहून ठेवतो. नावाने आकड्याचे कारण सांगावे, उच्चार नव्हे. शाळेच्या वेळापत्रकासाठी लिहिलेली एक आज्ञावली माझ्या पाहण्यात आली. दिवसाला आठ तास असत, म्हणून लिहिणाऱ्याने त्या राशीचे नाव 'आठ' ठेवले होते. पुढे शनिवारच्या भानगडीत तास सात झाले. दुरुस्त करणाऱ्याने नाव शंभर ठिकाणी बदलण्यापेक्षा वरचा एक आकडा बदलणे पसंत केले. आता तिथे मोठ्या लिपीत 'आठ' असे लिहिलेले आहे, त्याच्यापुढे ७ हा आकडा आहे, आणि शेजारी कुणीतरी टीप लिहून ठेवली आहे: हे बरोबर आहे, बदलू नये.